चिखले स्टेशनच्या भरवशावर फ्लॅट घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा. कामोठ्यात भाड्याने राहणारं कुटुंब आहे. नवरा बेलापूरला नोकरीला, बायको नेरूळच्या शाळेत शिकवते, मुलगा नववीत, आणि घरात गुडघेदुखीने बेजार झालेली सत्तरीची आई. पनवेल–कर्जत लोकलच्या नव्या मार्गावर चिखले स्टेशन होतंय आणि त्याच्याजवळ एक बिल्डर टू बीएचके दाखवतोय. स्टेशन पाच मिनिटांवर, लोकल सुरू झाली की भाव दीडपट, असं त्याचं म्हणणं. रविवारी साइटवर नेऊन त्याने लांबून रेल्वेचं कामही दाखवलं. स्टेशन नक्की कधी सुरू होईल आणि त्याच्या भरवशावर आत्ताच पैसे घालावेत का, असं विचारलंय.

मी रेल्वेच्या बांधकाम विभागात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीचशी वाशी खाडीच्या अलीकडे-पलीकडे. आता निवृत्त होऊन नेरूळला असतो. आधी उत्तर देऊन टाकतो, कारणं नंतर. स्टेशन होणार, त्याबद्दल शंका नको. पण चिखल्याला स्टेशनच नाही असं धरून ती जागा, ती इमारत आणि ती किंमत तुम्हाला पटत असेल तरच घ्या. स्टेशनच्या नावाने तो जे चार-पाच लाख वर मागत असेल, ते आज देऊ नका. तारीख मी सांगणार नाही. मी नोकरीत असतानाही कुणाला तारीख सांगितली नाही, आणि त्यामुळे माझे शब्द फारसे खोटे पडले नाहीत.

हा मार्ग मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यातला, म्हणजे एमयूटीपी-३ मधला. केंद्राची मंजुरी डिसेंबर २०१६ ची. लांबी २९.६ किलोमीटर, खर्च २,७८२ कोटी. पनवेल, चिखले, मोहोपे, चौक, कर्जत अशी पाच स्टेशनं. बांधतंय एमआरव्हीसी, म्हणजे मुंबई रेल्वे विकास महामंडळ, चालवणार मध्य रेल्वे. पनवेल–कर्जत एकेरी मार्ग आधीपासून आहेच, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या त्यावरून जातात. नवीन दुहेरी मार्ग खास लोकलसाठी आहे. डिसेंबर २०२५ ही तारीख बराच काळ सांगितली जात होती, ती पुढे सरकली.

आता बिल्डरने तुम्हाला जे दाखवलं त्याबद्दल. प्लॅटफॉर्म ही स्टेशनातली सगळ्यात सोपी गोष्ट. चार पावसाळी महिने सोडले तर एका मोसमात प्लॅटफॉर्म उभा राहतो. छप्पर, फरशी, तिकीटघर, रंग हे सगळं डोळ्यांना दिसतं, म्हणून लोकांना वाटतं ‘झालंच की आता’. पण तुमचं स्टेशन एका सलग ओळीतला एक मणी आहे. ओवणारा दोरा पूर्ण झाल्याशिवाय मण्याचा उपयोग नाही. या मार्गावर तीन बोगदे आहेत: नढाळ, वावर्ले आणि किरवली. त्यातला वावर्ल्याचा २,६२५ मीटरचा, म्हणजे कळवा-मुंब्र्यामधल्या पारसिक बोगद्याच्या जवळजवळ दुप्पट. चिखल्याला एकही बोगदा नाही, ते सगळे चौक-कर्जतच्या अंगाला. तरी त्यांच्यामुळे चिखलेही थांबू शकतं, कारण रूळ, तारा आणि सिग्नल तुकड्यातुकड्याने घातले तरी गाड्यांचा हिशेब पूर्ण मार्गाचा केलेला असतो.

मग पनवेलपासून चिखल्यापर्यंतचा तुकडा आधी सुरू करता येणार नाही का? हा प्रश्न मला दोन-तीन जणांनी विचारलाय. कागदावर तसं करता येतं. नेरूळ–उरण मार्गावर आधी खारकोपरपर्यंत गाड्या सुरू केल्याच होत्या. पण त्यासाठी गाडी उलटी फिरवायला जिथे संपते तिथे एका रुळावरून दुसऱ्यावर जायचे सांधे लागतात, सिग्नल लागतात, ते सांभाळायला माणसं लागतात. एका स्टेशनापुरतं इतकं कोण करतो? माझ्या मते कुणी करणार नाही.

रूळ पडल्यावर काय उरतं तेही सांगतो, कारण हे बाहेरच्याला कधी दिसत नाही. खडी दाबून रूळ बसवावा लागतो, आणि तो बसेपर्यंत मशीन पुन्हा पुन्हा फिरतं. मग २५,००० व्होल्टची ओव्हरहेड वायर. तिच्यात वीज सोडायच्या आधी वर्तमानपत्रात जाहिरात येते की अमुक तारखेपासून या तारा कायम विजेने भारलेल्या समजाव्यात. ही जाहिरात ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी बिल्डरच्या शब्दापेक्षा तिच्यावर जास्त भरवसा ठेवा. त्यानंतर नवा मार्ग जुन्या यार्डाला जोडायचा, आणि खरी डोकेदुखी इथे असते. पनवेलचं उदाहरण ताजं आहे: मालगाड्यांच्या समर्पित मार्गाचे दोन नवे रूळ घालायला ३० सप्टेंबर २०२३ च्या रात्रीपासून ३८ तासांचा ब्लॉक घ्यावा लागला, बेलापूर–पनवेल लोकल पूर्ण बंद. त्याआधी कितीतरी रात्री छोटे ब्लॉक झाले ते वेगळेच. धावत्या यार्डात एक सांधा बसवणं म्हणजे भरल्या पंगतीत पाट बदलण्यासारखं आहे.

हे सगळं झालं की रेल्वे सुरक्षा आयुक्त येतात. आमच्याकडे त्यांना सीआरएसच म्हणतात. गंमत म्हणजे हा अधिकारी रेल्वेच्या हाताखाली नसतो, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतो, म्हणजे बांधणारा आणि तपासणारा एकाच घरचे नसतात. ते ट्रॉलीवरून सगळा मार्ग बघतात, पूल बघतात, पूर्ण वेगाने गाडी पळवून बघतात आणि शेरे मारतात. ते शेरे पूर्ण केल्याशिवाय प्रवासी गाडी नाही. माझ्या एका कामावर असाच शेरा आला होता: प्लॅटफॉर्मची कड आणि रूळ यांच्यातलं अंतर एका टोकाला काही मिलिमीटरनी जास्त. सबंध कड पुन्हा फोडून बांधली. ठेकेदार माझ्याशी महिनाभर धड बोलला नाही.

आणि एवढं सगळं होऊनही गाडी थांबेलच असं नाही. ऐरोली आणि ठाण्याच्या मधलं दिघा गाव स्टेशन आठवा. इमारत तयार, प्लॅटफॉर्म तयार, ट्रान्स-हार्बरच्या लोकल दिवसरात्र समोरून जातायत, आणि थांबत नाहीत. लोक आंदोलनं करून थकले. शेवटी १२ जानेवारी २०२४ ला, अटल सेतूच्या उद्घाटनाच्या दिवशीच, पंतप्रधानांच्या हस्ते तेही खुलं झालं. त्याच दिवशी खारकोपर ते उरण गाडीही सुरू झाली. उरणच्या लोकांचा संयम तर आणखी मोठा. तो २७ किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला १९९६-९७ साली, पहिली लोकल खारकोपरपर्यंत आली ११ नोव्हेंबर २०१८ ला, आणि उरणला पोहोचायला २०२४ उजाडलं. भूसंपादन, खारफुटी, वनखात्याच्या परवानग्या, वाढलेला खर्च, सगळं मध्ये आलं. ‘लोकल येणार’ म्हणून द्रोणागिरीत सुरुवातीला ज्यांनी घरं घेतली, त्यांची मुलं लोकल येईपर्यंत कमावती झाली असतील. चिखल्याचं इतकं होणार नाही, तिथे काम खूप पुढे गेलंय. पण ‘दोन वर्षांत’ हा शब्द या धंद्यात कसा वापरतात ते लक्षात असू द्या.

तरी तारीख हा माझा मुख्य मुद्दा नाही. तारीख आज ना उद्या येतेच. मला भीती आहे ती वेळापत्रकाची, आणि तो प्रश्न फ्लॅट घेणारा कुणीच विचारत नाही. स्टेशन सुरू झाल्यावर तासाला किती गाड्या? त्या कुठे जाणार?

उरणचंच बघा. सुरुवातीला दिवसाला ४० फेऱ्या, त्याही नेरूळ आणि बेलापूर अशा दोन टोकांत वाटलेल्या. एक गाडी चुकली की तासाच्या आसपास प्लॅटफॉर्मवर बसून राहायचं. स्टेशन चकचकीत, पंखे फिरतायत, बाकं रिकामी. मी स्वतः उरणला साडूकडे जाताना एकदा असा बसलोय. हार्बर लाइनवर वाढलेल्या माणसाच्या डोक्यात लोकल म्हणजे दहा-पंधरा मिनिटांनी येणारी गाडी असते. तसं सुरुवातीला चिखल्याला होणार नाही.

का होणार नाही, ते सांगतो. समजा पनवेलची सीएसएमटी लोकल कर्जतपर्यंत वाढवली. आज पनवेल ते सीएसएमटी साधारण ८० मिनिटं लागतात. जाऊन-येऊन १६०, दोन्ही टोकांना थांबण्याची २० धरली तर तीन तासांत एक रेक, म्हणजे डब्यांची एक अख्खी गाडी, एक फेरी पूर्ण करते. कर्जतपर्यंत नेली की प्रत्येक बाजूला ३५ मिनिटं वाढली असं धरू. तीन तासांची फेरी चार तासांच्या पुढे गेली. म्हणजे जेवढ्या फेऱ्या आज तीन रेक मारतात, त्याला चार लागणार, आणि त्याही जरा कमीच पडणार. रेक काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. तो रात्री उभा करायला कारशेड हवी, चालवायला मोटरमन हवा, मागे गार्ड हवा. रेक वाढल्या नाहीत तर एक वाट उरते: आहेत त्या पनवेल गाड्यांतल्या काही पुढे न्यायच्या. आणि मग पनवेलकर गप्प बसतील?

पनवेलला सकाळी गाडी सुटते तेव्हा बसायला जागा मिळते. त्यासाठी माणसं सुटण्याच्या आधी दहा मिनिटं येऊन खिडकी पकडतात. खांदेश्वर, मानसरोवरपर्यंत ती भरते, खारघरला उभं राहायला लागतं. तीच गाडी कर्जतहून आली तर पनवेलचा माणूस बसणार कुठे? कर्जत-कसाऱ्याच्या लोकलमध्ये डोंबिवलीकर आणि मागून आलेले यांची सकाळी कशी जुंपते ते ज्याने अनुभवलंय त्याला सांगायला नको. तेव्हा माझा अंदाज असा की पनवेल–सीएसएमटीच्या गाड्यांना हात न लावता सुरुवातीला पनवेल–कर्जत मध्येच बऱ्याचशा फेऱ्या मारल्या जातील, थेट मुंबईच्या थोड्या. कर्जतकरांना त्या थेट गाड्यांचा फायदा खरा: कल्याणवरून सीएसएमटी सुमारे १०० किलोमीटर, पनवेलवरून ८० च्या आत. त्यांची रांग तुमच्या पुढे लागेल हेही ओघाने आलं.

आता हे तुमच्या रोजच्या दिवसावर घालून बघा. आज कामोठ्याहून मानसरोवर स्टेशन गाठलं की खारघर, आणि पुढे बेलापूर. गाडीत दहा मिनिटंही जात नाहीत. चिखल्याहून मध्ये बदलून जायचं असेल तर घरातून स्टेशन, गाडीची वाट, पनवेल, तिथे पूल चढून हार्बरच्या प्लॅटफॉर्मवर, पुन्हा वाट, मग खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर. मी सगळं मोजून मापून तासाभराच्या खाली आणू शकलो नाही, आणि त्यात चिखल्याची गाडी वेळेवर पकडलीत असं धरलंय. बाईंना नेरूळच्या शाळेत सकाळी सातला पोहोचायचं असेल तर पहिली गाडी किती वाजता आहे, याच्यावर त्यांची नोकरी अवलंबून. तोट्याचं आहे असं मी म्हणत नाही. भाड्याचे पैसे वाचतील, हवा चांगली आहे, मुलाला मैदान मिळेल. पण ‘लोकल’ या एका शब्दाने डोळ्यांसमोर कामोठे आणू नका.

आता ‘पाच मिनिटं’. ही पाच मिनिटं कशी मोजली ते बिल्डरला विचारा. नकाशावर सरळ रेघ ओढून मोजतात, आणि मध्ये रेल्वेची भिंत आहे, नाला आहे, कुणाचं तरी भातशेत आहे, हे रेघेला कळत नाही. स्टेशनचं तिकीटघर रुळाच्या कुठल्या बाजूला, बाहेर पडायचा पूल किंवा भुयारी वाट दोन्हीकडे उतरते की एकीकडेच, यावर दहा-पंधरा मिनिटांचा फरक पडतो. चुकीच्या बाजूला इमारत असेल तर लोक रूळ ओलांडायला लागतात. मग रेल्वे भिंत घालते, लोक भिंत फोडतात, कुणीतरी गाडीखाली जातो, पुन्हा भिंत. मी हे तीन ठिकाणी पाहिलंय.

एका स्टेशनवर, नाव घेत नाही, आम्ही सगळं वेळेत संपवलं होतं. स्वच्छतागृहात पाणीसुद्धा आलं होतं. पण स्टेशनपर्यंत येणारा रस्ता दुसऱ्या खात्याच्या यादीत होता आणि त्या खात्याच्या मते तो आमच्या यादीत होता. पहिल्या पावसाळ्यात प्रवासी बांधावरून चालत यायचे, चपला हातात धरून. गावातल्या एका म्हाताऱ्याने फाटकाशी पाण्याची बादली आणि तांब्या ठेवला, पाय धुवायला. दोन पावसाळे गेले, तेव्हा डांबर पडलं. नवी मुंबईत वाशीपासून जी स्टेशनं उभी राहिली त्यांचं बरं होतं. मानखुर्द–वाशी मार्ग १९९२ साली सुरू झाला, तेव्हा खर्चाचा ६७ टक्के भार सिडकोने उचलला होता आणि ३३ टक्के रेल्वेने. ज्याची जमीन, ज्याचे रस्ते, त्याचेच स्टेशनात पैसे. त्यामुळे बाहेरचा चौक, बसथांबा, रिक्षातळ, वरची दुकानं एकत्र आखली गेली. पनवेल–कर्जतचा पैसा वेगळा: अर्धा रेल्वेचा, अर्धा राज्याचा. स्टेशन होईल, पण कुंपणाबाहेर काय होईल ते त्या पैशात बसवलेलं नाही.

कुंपणाबाहेरचं चिखले येतं नैनामध्ये, म्हणजे नवी मुंबई विमानतळाभोवतीच्या अधिसूचित क्षेत्रात. विमानतळाच्या प्रभावक्षेत्रासाठी सिडकोला नियोजन प्राधिकरण नेमलं २०१३ साली, आणि नैनाची पहिली नगररचना योजना आकुर्ली, बेलवली आणि चिखले या गावांचीच. या योजनेत जमीनमालकाची सगळी जमीन एकत्र करून त्याला ४० टक्के अंतिम भूखंड परत मिळतो, बाकीच्यात रस्ते, बागा, शाळा. तेव्हा तुमची इमारत अंतिम भूखंडावर आहे का, हे आधी बघा. तो भूखंड क्रमांक करारात लिहिलेला हवा, नुसता सातबाऱ्याचा गट क्रमांक नको. स्टेशनकडे जाणारा योजनेतला रस्ता इमारतीला खरोखर लागतो का, तेही नकाशावर बोट ठेवून बघा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे मंजूर नकाशे असतात, ते उतरवून घ्या आणि साइटवर घेऊन जा. इमारत रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत येत असेल तर रेल्वेचा ना हरकत दाखला मागा. दाखला नाही म्हटलं तर उठून या, चहासुद्धा घेऊ नका. योजनेबाहेर गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जागेवरच्या इमारतीकडे तर बघूच नका, स्टेशन दारात आलं तरी.

आणि एक बारीकशी गोष्ट. बिल्डरच्या पत्रकात स्टेशनचं जे नाव आहे तेच राहील असं समजू नका. उरण मार्गावर रांजणपाड्याचं शेमटीखार झालं. घराला फरक पडत नाही, पण भाडेकरू शोधताना जाहिरातीत काय लिहायचं याची पंचाईत होते.

तर मी असतो तर काय केलं असतं? आधी त्याच पट्ट्यात पण स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटर लांब असलेल्या तशाच इमारतीचा भाव काढला असता. दोन भावांतला फरक म्हणजे स्टेशनचे पैसे. ते वजा करून बिल्डरला आकडा सांगितला असता आणि त्यावर अडून बसलो असतो. तयार झाला तर घेतला असता, आणि पहिली तीन-चार वर्षं पनवेलपर्यंत स्कूटर किंवा मिनीडोर धरून चाललो असतो. नाही झाला तर खांदा कॉलनीत किंवा नवीन पनवेलला जुन्या इमारतीत लहान फ्लॅट बघितला असता. तिथली गाडी आज धावतेय.

आणखी एक करा. येत्या पावसाळ्यात, रविवारी नको, कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसातला, स्टेशनच्या जागेपासून इमारतीपर्यंत चालून बघा. दिवे आहेत का, पाणी कुठे तुंबतं, रिक्षा मिळते का, एकट्या बाईला तिथून चालावंसं वाटेल का. बाईंनाच पुढे चालू द्या, तुम्ही मागे राहा. आईंनाही न्या, पण दारापर्यंत गाडीने नेऊन सोडू नका. थोडं तरी त्यांना चालू द्या आणि मग फ्लॅट कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट कधी बसणार, वीज गेली तर ती चालेल का, हे त्यांच्यासमोरच बिल्डरला विचारा.